वॉर्डातच शिकायची विद्या

१९९०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये एक प्रकल्प चालू होता. न्यूमोनियाचा रुग्ण आला की त्याला दाखल करून घ्यायचं की औषधं देऊन घरी पाठवायचं, हे ठरवायला संगणकाची मदत होईल का, हा त्यातला प्रश्न. सुमारे १४ हजार रुग्णांच्या नोंदी हाताशी होत्या. रिच कॅरुआना तेव्हा कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएचडी करत होते. त्यांनी या नोंदींवर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क अचूकतेत बाकी सगळ्या पद्धतींच्या पुढे गेलं.

त्याच नोंदींवर दुसरे संशोधक साध्या नियमांची एक पद्धत वापरून पाहत होते. तिने शोधून काढलेला एक नियम असा होता: न्यूमोनियाच्या रुग्णाला आधीपासून दमा असेल, तर त्याच्या मृत्यूचा धोका कमी. वैद्यकीचा गंध नसलेल्यालाही हे उलटं वाटेल. पण नोंदी खऱ्या होत्या आणि आकडेमोडही बरोबर होती. खुलासा डॉक्टरांकडून मिळाला. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की त्याला थेट अतिदक्षता विभागात हलवायची तिथे पद्धत होती. तिथे डोळ्यांत तेल घालून उपचार होत, म्हणून असे रुग्ण वाचत. संगणकापर्यंत पोहोचलं ते एवढंच, की दमा होता आणि रुग्ण जगला. त्या हिशोबाने यंत्राने दमेकऱ्यांना घरी पाठवायला सांगितलं असतं.

नियम माणसाला वाचता येत होता, म्हणून तो पकडला गेला. न्यूरल नेटवर्कही तेच शिकलं असणार, पण त्याच्या पोटात आणखी काय दडलंय हे कळायला मार्ग नव्हता. कॅरुआना यांनी आपलंच सर्वांत अचूक मॉडेल रुग्णांवर वापरू नये, असा सल्ला दिला. पुढे २०१५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याच नोंदींवर वाचता येण्याजोगं मॉडेल बांधून दाखवलं. दम्याची गोष्ट त्यात पुन्हा दिसलीच. शिवाय छातीत दुखणं आणि हृदयविकार यांच्याही बाबतीत तोच घोळ आढळला.

आरोग्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता शिकायला परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याने ही गोष्ट आधी ऐकावी. कारण अल्गोरिदम शिकण्यासाठी आता कुठेही जावं लागत नाही. एमआरआय किंवा सूक्ष्मदर्शकाच्या चित्रातला नेमका भाग वेगळा काढणारं ‘यू-नेट’ हे नेटवर्क जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात २०१५ साली तयार झालं. पेशींच्या चित्रांच्या एका स्पर्धेत त्याला शिकायला फक्त ३० चित्रं होती, तरी ते सरस ठरलं. आज ते फुकट मिळतं, आणि सांगलीच्या किंवा नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी ते आपल्या लॅपटॉपवर चालवू शकतो. मग लाखो रुपयांचं कर्ज काढून जायचं ते कशासाठी? जिथे रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकमेकांना लागून आहेत, नोंदी वर्षानुवर्षं नीट ठेवल्या आहेत आणि आपल्याच मॉडेलवर संशय घ्यायची सवय मुरलेली आहे, अशा जागी काही वर्षं काढण्यासाठी.

पहाटे तीनची रक्ततपासणी

बॉस्टनमधल्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातल्या नोंदींचा एक संग्रह एमआयटीच्या प्रयोगशाळेने तयार केला आहे. त्याचं नाव ‘मिमिक’. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत २००१ ते २०१२ या काळातल्या ४० हजारांहून जास्त रुग्णांची माहिती आहे. नाडी, रक्तदाब, सलाईन, औषधं, रक्ताचे रिपोर्ट, शिवाय डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी लिहून ठेवलेली टिपणं असं सगळं त्यात सापडतं.

हा संग्रह पहिल्यांदा उघडणारा विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. एखादा रुग्ण बाविसाव्या शतकात दाखल झालेला असतो. दुसऱ्याचं वय ३०० वर्षं दिसतं. टिपणात जिथे माणसाचं नाव असायला हवं, तिथे चौकटी कंसात फक्त ‘नाव’ असा शिक्का असतो. हा गोंधळ मुद्दाम केलेला आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून प्रत्येक रुग्णाच्या सगळ्या तारखा एकाच अंतराने भविष्यात ढकललेल्या आहेत. वयाची ८९ वर्षं ओलांडलेली माणसं एखाद्या शहरात मोजकीच असतात आणि सहज ओळखू येतात, म्हणून त्यांची वयं ३००च्या पुढे नेलेली आहेत. तारीख खोटी असली, तरी तिन्हीसांज की पहाट, सोमवार की रविवार आणि साधारण ऋतू कोणता, हे मात्र खरं ठेवलं आहे.

हे खरं ठेवणं का गरजेचं, ते बॉस्टनमधल्याच दुसऱ्या एका अभ्यासावरून कळतं. डेनिस ॲग्नियल, आयझॅक कोहेन आणि ग्रिफिन वेबर यांनी तिथल्या दोन रुग्णालयांतल्या साडेसहा लाखांहून जास्त रुग्णांच्या रक्त वगैरेंच्या तपासण्या पाहिल्या. त्यांचा लेख २०१८ साली प्रसिद्ध झाला. रुग्ण पुढची तीन वर्षं जगेल का, याचा अंदाज बांधायला तपासणीचा निकाल जास्त उपयोगी की तपासणी कधी केली ते, असा त्यांचा सवाल होता. तुलना करता आलेल्या १७४ तपासण्यांपैकी ११८ तपासण्यांमध्ये निकालापेक्षा वेळच जास्त बोलकी निघाली. विचार केला तर यात नवल नाही. पांढऱ्या पेशी मोजायला सकाळी दहाला रक्त घेतलं तर तो नेहमीचा क्रम झाला. पहाटे तीनला घेतलं तर याचा अर्थ कोणीतरी डॉक्टर रुग्णाकडे पाहून काळजीत पडला होता.

म्हणजे रुग्णाची नोंद ही शरीराची जशी असते, तशीच ती रुग्णालयाच्या कामकाजाचीही असते. कोणती तपासणी सांगितली गेली नाही, कोणता रकाना रिकामा राहिला, पाळी बदलताना काय लिहायचं राहून गेलं, या सगळ्याला अर्थ असतो. तो अर्थ पडद्यावर बसून लागत नाही. मिमिकची माहिती तर पुण्यात बसूनही मिळते. माणसांवरच्या संशोधनाच्या नीतिनियमांचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करा, करारावर सही करा, अर्ज मंजूर झाला की संग्रह तुमच्यासाठी खुला. पण ‘दुपारी दोन तास रक्तदाबाची नोंदच का नाही?’ असा प्रश्न पडला, तर तो विचारायला तो वॉर्ड चालवणारी माणसं जवळ लागतात.

हार्वर्ड आणि एमआयटी यांनी मिळून १९७० साली सुरू केलेला आरोग्यविज्ञान आणि तंत्रज्ञानाचा कार्यक्रम याच कल्पनेवर उभा आहे. तिथे पीएचडी करणाऱ्या अभियंत्यालाही वैद्यकाचे पाठ घ्यावे लागतात. नंतर गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून त्याला रुग्णालयात जावं लागतं, रुग्णाच्या खाटेशेजारी बसून हिस्टरी घ्यावी लागते. डॉक्टर होणं हा त्यामागचा हेतू नसतो. ‘कधीपासून दुखतंय?’ या साध्या प्रश्नाला रुग्ण, त्याची बायको आणि केसपेपर अशी तीन वेगळी उत्तरं देतात, हे स्वतः अनुभवलेला माणूस पुढे कुठल्याही तक्त्यातल्या आकड्याकडे भाबडेपणाने पाहत नाही.

गाव बदललं की मॉडेल बदलतं

दुसरा धडा मिशिगन विद्यापीठाचा. सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीराची प्रतिक्रिया इतकी बिघडते की अवयवच निकामी होऊ लागतात. तासागणिक धोका वाढतो, म्हणून तो आधी ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला मोठी मागणी असते. एपिक ही अमेरिकेत रुग्णनोंदींची प्रणाली पुरवणारी मोठी कंपनी. तिचं सेप्सिसचा इशारा देणारं मॉडेल शेकडो रुग्णालयांत वापरात होतं. मिशिगनच्या संशोधकांनी ते आपल्याकडे रुग्ण दाखल झाल्याच्या ३८ हजारांवर नोंदींवर तपासलं आणि २०२१ साली निष्कर्ष छापले. सेप्सिस झालेल्या रुग्णांपैकी ६७ टक्के या मॉडेलच्या नजरेतून सुटले होते. उलट, एकूण दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांच्या नावावर त्याने इशारे वाजवले होते. सेप्सिस होणारा एक आणि न होणारा एक, असे दोन रुग्ण समोर ठेवून निवड करायला सांगितली, तर त्याचं उत्तर शंभरात ६३ वेळा बरोबर येत होतं. नाणं उडवलं तरी ५० वेळा बरोबर येतं.

याच विद्यापीठातल्या मायकल शोडिंग आणि सहकाऱ्यांनी २०२० साली त्याहून साध्या उपकरणाची झडती घेतली. कोविडच्या लाटेत आपल्याकडे घरोघरी पोहोचलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर! त्यावर ९२ ते ९६ असा समाधानकारक आकडा दिसत असताना रक्त काढून तपासलं, तर प्राणवायू प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्याही खाली, असं कितीदा घडतं हे त्यांनी मोजलं. गोऱ्या रुग्णांत हे प्रमाण शंभरात चारांहून कमी होतं, कृष्णवर्णीयांत ते बाराच्या जवळ गेलं. त्वचेच्या रंगद्रव्याचा प्रकाशाच्या मोजणीवर परिणाम होतो. आता हाच आकडा शिकून एखादं मॉडेल कोणाला आधी ऑक्सिजन द्यायचा ते ठरवू लागलं, तर उपकरणातली चूक गुपचूप मॉडेलमध्ये उतरणार. सावळ्या कांतीच्या देशातून गेलेल्या विद्यार्थ्याने यावर मन लावून काम करावं, इतका हा विषय आपल्या जवळचा आहे.

कधी आकडे आणि उपकरण दोन्ही ठीक असतात, पण जागा साथ देत नाही. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारे बदल फोटोवरून ओळखणारं गूगलचं मॉडेल २०१६ साली गाजलं. १,२८,१७५ फोटोंवर ते शिकलं होतं. त्यांतले बरेच फोटो भारतातल्या नेत्र रुग्णालयांतले होते. मदुराईच्या अरविंद रुग्णालयाचा त्यात वाटा होता. पुढे थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत ते प्रत्यक्ष वापरलं गेलं, तेव्हा २१ टक्के फोटो त्याने ‘नीट नाही’ म्हणून परत केले. फोटो नर्सेस काढत होत्या, अनेक खोल्यांत पुरेसा अंधार करता येत नव्हता, इंटरनेट रखडत होतं. फोटो नाकारला गेला की रुग्णाला दूरच्या तज्ज्ञाकडे जायला सांगावं लागे, मग त्याचा डोळा धडधाकट का असेना. या अडचणींचा अहवालही गूगलच्याच संशोधकांनी, दवाखान्यांत बसून आणि नर्सेसशी बोलून २०२० साली लिहिला. परदेशी अभ्यासक्रमांत ‘ह्यूमन फॅक्टर्स’ नावाचा विषय असतो. ऐच्छिक म्हणून अनेक जण तो सोडून देतात, पण नेमकं अशा अडचणींबद्दलच त्यात शिकवलं जातं.

१६ लाखांच्या दोन गोष्टी

लंडनमध्ये मूरफील्ड्स हे नेत्र रुग्णालय आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन ही जोडी आहे. २०२३ साली तिथून ‘रेटफाउंड’ हे मॉडेल प्रसिद्ध झालं. डोळ्यांच्या सुमारे १६ लाख चित्रांवर, कोणीही रोगाचं लेबल न लावता, ते शिकलं होतं. त्या लेखाचे पहिले लेखक युकुन झोऊ तेव्हा तिथे पीएचडीचे विद्यार्थी होते. वर्षानुवर्षं एकाच सार्वजनिक आरोग्यसेवेत रुग्ण येत राहिले आणि त्यांची चित्रं जपली गेली, म्हणून एका विद्यार्थ्याच्या हातून हे घडू शकलं. मॉडेल खुलं करून टाकल्यामुळे आता ते इतर देशांतले संशोधकही वापरतात.

त्याच शहरातली दुसरी गोष्ट पहिलीइतकीच शिकण्यासारखी आहे. रॉयल फ्री या रुग्णालयसमूहाने मूत्रपिंडाच्या तातडीच्या आजाराचा इशारा देणारं ॲप तपासण्यासाठी डीपमाइंड कंपनीला सुमारे १६ लाख रुग्णांच्या नोंदी दिल्या. रुग्णांना याची पुरेशी कल्पना दिली गेली नव्हती. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०१७ साली ठपका ठेवला की रुग्णालयाने माहिती संरक्षणाचा कायदा पाळला नाही. हेतू चांगला होता, ॲपही उपयोगी होतं. तरीही रुग्णाला न विचारता त्याची नोंद हलवणं चूक ठरलं. यातून तिथे नीतिसमितीचा अर्ज, संमतीपत्रकाचा मसुदा, नोंदी बाहेर न नेता आतच विश्लेषण करायच्या सुरक्षित संगणक-खोल्या, असं सगळं अधिकच काटेकोर झालं. सुरुवातीला विद्यार्थ्याला ही कागदपत्रांची कटकट वाटते. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला आहे, आणि ही कटकट मनापासून शिकून आलेल्या माणसांची इथल्या रुग्णालयांना यापुढे गरज पडणार आहे.

मॉडेलचीही औषधासारखी परीक्षा

सत्तरच्या दशकात स्टॅनफर्डमध्ये एडवर्ड शॉर्टलिफ यांनी ‘मायसिन’ ही संगणकप्रणाली घडवली. जंतुसंसर्गात कोणतं प्रतिजैविक द्यावं, हे ती काहीशे नियमांच्या आधारे सांगे. मेंदूज्वराच्या रुग्णांसाठी तिने सुचवलेले उपचार आणि स्टॅनफर्डच्याच तज्ज्ञांनी सुचवलेले उपचार नावं झाकून बाहेरच्या परीक्षकांना दाखवले, तेव्हा मायसिन एकाही तज्ज्ञाच्या मागे पडली नाही. १९७९ साली हा निकाल छापून आला. पण रुग्णसेवेत ती कधीच वापरली गेली नाही. त्या काळी वॉर्डात संगणक नव्हते आणि एकेका रुग्णासाठी बसून प्रश्नोत्तरं टाइप करायला डॉक्टरांकडे वेळ नव्हता.

म्हणून वैद्यक क्षेत्रात नुसत्या प्रयोगशाळेतल्या यशाला भुलू नये. खरी परीक्षा कशी घ्यायची, याचा उत्तम नमुना स्वीडनमध्ये पाहायला मिळतो. युरोपात स्तनाच्या कर्करोगासाठी काढलेला प्रत्येक मॅमोग्राम सहसा दोन रेडिओलॉजिस्ट तपासतात. लुंड विद्यापीठाच्या क्रिस्टिना लॉंग यांच्या गटाने ८० हजारांवर स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटाचे मॅमोग्राम जुन्या पद्धतीने तपासले. दुसऱ्या गटात आधी एआयने धोका ठरवला. धोका कमी असेल तर एकच डॉक्टर आणि जास्त असेल तर दोन, अशी वाटणी झाली. २०२३ साली पहिले निष्कर्ष आले. एआयच्या गटात हजारी सहा स्त्रियांमध्ये कर्करोग सापडला, जुन्या पद्धतीत पाचांमध्ये. आणि डॉक्टरांचं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी घटलं.

यातलं आकड्यांइतकंच महत्त्वाचं म्हणजे प्रश्न कसा विचारला ते. ‘यंत्र डॉक्टरपेक्षा हुशार आहे का?’ असं लुंडमध्ये कोणी विचारलं नाही. ‘यंत्र आल्यावर एकूण व्यवस्था रुग्णाचं जास्त भलं करते का?’ असं विचारलं. टोरांटोचे जेफ्री हिंटन यांनी २०१६ साली म्हटलं होतं की नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं. त्यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, पण रेडिओलॉजिस्टांची गरज काही संपली नाही.

निघण्याआधी

विद्यापीठाचा क्रमांक पाहून अर्ज करायची आपल्याकडे रीत आहे. या विषयात त्याहून उपयोगी पडतात ते काही नेमके प्रश्न. प्राध्यापकाला किंवा तिथे शिकत असलेल्या विद्यार्थ्याला ते ईमेलने बिनधास्त विचारावेत. विभागाला कोणत्या रुग्णालयाच्या नोंदी मिळतात? सहमार्गदर्शक म्हणून डॉक्टर असतो का? बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला त्या नोंदी हाताळायची परवानगी मिळायला किती वेळ लागतो? तुमचं एखादं मॉडेल प्रत्यक्ष वॉर्डात वापरलं गेलं आहे का, आणि नसेल तर कुठे अडलं? परवानगीच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावं. ब्रिटनमधली बहुतेक एमएस्सी एका वर्षाची असते. त्यातले काही महिने परवानगीची वाट पाहण्यात गेले, तर प्रबंध शेवटी इंटरनेटवरच्या फुकट माहितीवरच लिहावा लागतो. तो घरी बसूनही लिहिता आला असता.

पैशाचं गणित देशागणिक बदलतं. अमेरिकेत एमएस सहसा पदरमोड करून होतं. पीएचडीला मात्र बहुतेक ठिकाणी फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत अनेक ठिकाणी फी नाही, पण सरसकट असं समजू नये. फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४पासून अशी फी सुरू केली आहे. भारतीय विद्यार्थ्याला व्हिसाआधी कागदपत्रांची छाननी करून घेऊन एपीएस प्रमाणपत्र मिळवावं लागतं, आणि वर्षाच्या खर्चासाठी गोठवलेल्या खात्यात ठरावीक रक्कम दाखवावी लागते. २०२४ साली ती ११,९०४ युरो झाली. मुंबईतल्या जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जरूपी शिष्यवृत्ती १८९२पासून चालू आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

अभियंत्याने जाण्याआधी जैवसंख्याशास्त्र आणि रोगपरिस्थितिविज्ञान यांची तोंडओळख करून घ्यावी. एमबीबीएस झालेल्याने पायथन आणि रेषीय बीजगणित हाताखालून घालावं. जमलं तर दोघांनीही एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत डॉक्टरांच्या परवानगीने आठवडाभर बसून नोंद कशी होते ते पाहावं. आपली नोंद कशी होते हे माहीत असेल, तरच तिथली कशी वेगळी आहे हे लक्षात येतं.

आकडा कुठे ठेवायचा?

शिकून आल्यावर या विद्येचं काम इथे काय, तेही एका उदाहरणावरून पाहू. छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाचा संशय ओळखणारी सॉफ्टवेअर आता अनेक देशांत वापरात आहेत. त्यांतलं एक मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीने तयार केलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ वर्षांवरच्या लोकांच्या तपासणीसाठी अशा सॉफ्टवेअरला मान्यता दिली. सॉफ्टवेअर ‘क्षय आहे’ किंवा ‘नाही’ असं सांगत नाही, ते गुण देतं. किती गुणांच्या पुढे गेलेल्या माणसाची थुंकी तपासायला पाठवायची, ही रेषा वापरणाऱ्याने आखायची असते आणि ती आपापल्या ठिकाणी पडताळून आखावी, असं संघटना सांगते.

रेषा खाली ठेवली की रुग्ण सुटत नाहीत, पण निरोगी माणसांच्या तपासण्या वाढतात आणि त्यासाठीची महागडी कार्ट्रिजेस संपतात. वर ठेवली की पैसे वाचतात आणि खोकणारा माणूस घरी परततो. ज्या वस्तीत पूर्वी क्षय होऊन बरे झालेले लोक बरेच आहेत, तिथे फुप्फुसावरचे जुने व्रणही गुण वाढवतात. खाणकामगारांच्या किंवा दगड फोडणाऱ्यांच्या गावात धुळीने खराब झालेली फुप्फुसं यंत्राला चकवतात. मुंबईच्या चाळीत ठरवलेला आकडा नंदुरबारच्या पाड्यावर जसाच्या तसा चालेल, असं कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. त्यासाठी तिथले काहीशे एक्स-रे, त्याच माणसांच्या थुंकीचे निकाल, तिथल्या डॉक्टरांचं आणि आशाताईंचं म्हणणं आणि कार्ट्रिजच्या साठ्याचा हिशोब, हे सगळं एका टेबलावर आणावं लागतं. मग कोणाला किती चुका परवडतील हे उघडपणे लिहून आकडा ठरवावा लागतो. हे काम येणारी माणसं आपल्याकडे कमी आहेत. परदेशातून काय शिकून आलास, असं कोणी विचारलं, तर आपल्या तालुक्यासाठी हा आकडा ठरवता येणं हे पुरेसं चांगलं उत्तर आहे.